अर्ध्या किलोच्या आतला स्वयंपाक

खोली बघायला गेलो त्या दिवशी काकूंनी माझं गाव, पगार, लग्न यांतलं काहीच विचारलं नाही. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "डावा बूट काढ." मी काढला. दारामागे, रद्दीवाल्याकडे असतो तसला, स्प्रिंगचा काटा टांगलेला होता. "नाडीनं अडकव त्याला." मी अडकवला. काटा थरथरून थांबला तशा त्या चष्मा सावरत वाकल्या.

"साडेसातशे. म्हंजे दोन्ही मिळून दीड किलो. हे घालून तू माझ्या डोक्यावर नाचणार?"

"काकू, ट्रेकिंगचे बूट आहेत," मी अभिमानानं सांगितलं.

"असं? कुठं कुठं जाऊन आलास?"

"अजून कुठं नाही. आत्ताच घेतलेत."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा बघून घेतलं. पोटापाशी नजर जरा जास्त रेंगाळली. मग म्हणाल्या, "खोली देते. बूट खाली काढायचे."

मुकुंदवाडी स्टेशनच्या मागच्या गल्लीत काकूंचं दुमजली घर होतं. खाली त्या एकट्या, वर मी. वाळूजच्या एका कंपनीत मी खरेदी विभागात होतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांसाठी वस्तू विकत घ्यायच्या आणि संध्याकाळी मोबाइलवर स्वतःसाठी, असा माझा दिनक्रम होता. काकू एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं सहायक होत्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा पुण्याला, बायकोसह, चांगल्या नोकरीत. गाव सिल्लोडकडचं, शेती दिराकडे. घरात माणूस एक आणि मोजमापाची साधनं चार, असा हिशेब होता. त्यांतलं सगळ्यात लाडकं म्हणजे काचेच्या पेटीतला दोन पारड्यांचा तराजू. कॉलेजात बटणांचे काटे आले तेव्हा जुने लिलावात निघाले, त्यातला हा त्यांनी घरी आणला होता. तो बैठकीत टीव्हीच्या जागी होता. टीव्ही स्वयंपाकघरात खाली जमिनीवर.

काकू काहीही तोलत. लिंबू, साबणाची वडी, वर्तमानपत्र. रविवारची पुरवणी जाहिरातींनी फुगलेली असली की पेपरवाल्याला सुनवायच्या, "आज बातम्या ऐंशी ग्रॅम आणि कचरा दीडशे." माझ्या आईनं गावाकडून पाठवलेला लाडू त्यांनी आधी तोलला आणि मग खाल्ला. कुणी "अंदाजे" असा शब्द काढला की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं: "अंदाज म्हंजे आळसाचं पाळण्यातलं नाव." मी त्यांची नक्कल करून ऑफिसात हशा पिकवायचो. माझी घरमालकीण ही माझी करमणुकीची मोठी ठेव होती.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, वाचणाऱ्याला तरी ती माझ्यासारखी उशिरा कळायला नको. काकूंची मनगटं गेली होती. संधिवात. सकाळी बोटं सुजलेली असायची, मुठीत जोर नसायचा. भरलेली कळशी सोडा, भरला तांब्यासुद्धा त्यांना एका हातानं पेलत नव्हता. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, मुलाला तर अजिबात नाही. आणि मी, त्यांच्या डोक्यावर चार वर्षं राहणारा, स्वतःला चौकस समजणारा माणूस, समोर सगळं दिसत असूनही काही ओळखू शकलो नाही.

आता बघा, काय काय दिसत होतं. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, त्या दिवशी सगळी गल्ली हंडे-बादल्यांमागे पळत असते. काकू मात्र नळाला पाइप लावून ड्रम भरायच्या आणि मग ड्रमातून माठात एकेक मग पाणी नेऊन ओतायच्या. तीस-तीस खेपा. मी गॅलरीतून बघायचो आणि म्हणायचो, विक्षिप्त बाई. लोणच्याची बरणी माझ्यापुढे धरून म्हणायच्या, "झाकण उघड बरं, वास बघू दे कसा येतो." मी उघडायचो, वास घ्यायचो आणि मत द्यायचो. माझ्या मताला किंमत आहे असं मला वाटायचं. दाराच्या कडीला त्यांनी सुतळीचा फास बांधला होता, त्यात कोपर घालून त्या कडी सरकवायच्या. हे मी फोटो काढून मित्रांना पाठवलं होतं, खाली हसणारे चेहरे टाकून.

आता टायटॅनियमकडे येतो.

ऑफिसातल्या तिघा-चौघांनी डोंगर चढायचा ग्रुप काढला आणि मी त्यात पहिल्या दिवशीच तज्ज्ञ झालो. रात्रंदिवस परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून मला ज्ञान प्राप्त झालं की डोंगरात पाठीवरचा एकेक ग्रॅम मोलाचा असतो. हे लोक टूथब्रशची दांडी कापतात, टी-शर्टचं लेबल कापतात. मीही कापलं. माझ्या ढेरीचं वजन त्या सगळ्या लेबलांच्या काही हजार पट भरलं असतं, पण व्हिडिओत त्याबद्दल काही सांगत नव्हते. मग मी टायटॅनियमची भांडी मागवली. एकात एक बसणारी तीन पातेली, झाकणं, मग, चमचा. सगळं मिळून इतकं हलकं की खोकं हातात घेतल्यावर मला वाटलं आत काही पाठवलंच नाही.

पहिल्या मोहिमेला कन्नडकडच्या डोंगरात गेलो. माथ्यावर मी छोटा स्टोव्ह लावला, मित्रांना भोवती बसवलं आणि टायटॅनियमच्या पातेल्यात खिचडी टाकली. दहा मिनिटांत खाली रुपयाएवढा काळा गोल, त्याच्यावर कच्चे तांदूळ आणि सगळ्यांत वर न उकळलेलं पाणी, अशी तीन मजली खिचडी झाली. हा धातू पाणी उकळायला चांगला, पण उष्णता पसरू देत नाही. जिथे ज्योत लागते तिथेच तापतो. हे व्हिडिओत होतं. तो भाग मी न बघता पुढे सरकवला होता. शेवटी स्टोअरमधला एक हेल्पर आला होता त्यानं फडक्यातून बाजरीच्या भाकरी आणि ठेचा काढला, तेव्हा सगळे जेवलो. भांडी घासायचं काम माझ्याकडे आलं.

घरी आल्यावर मी ती भांडी ओसरीत वाळत घातली. काकूंनी एक उचललं. त्यांनी एका हातानं, सहज, भांडं उचललेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, पण त्यात काही विशेष आहे हे मला उमगलं नाही. त्यांनी ते काचेच्या पेटीत ठेवलं, चिमट्यानं एकेक वजन टाकत गेल्या आणि पारडी समोरासमोर आली तशा खाली बसल्या.

"एकशे चार," त्या म्हणाल्या. मग भांडं पुन्हा हातात घेऊन बघितलं. "ह्याच्यात अर्धा लिटर पाणी घातलं तरी सहाशेच्या आत राहतं, व्हय ना?"

"व्हय काकू! तेच तर!" मला इतका आनंद झाला, की अखेर कुणाला तरी माझं तत्त्वज्ञान पटलं.

"मग हे मला वापरायला दे. तू तर जातच नाहीस कुठं. बदल्यात रात्रीचं जेवण माझ्याकडं."

तेव्हापासून काकूंचा कुकर माळ्यावर गेला. तो मीच वर ठेवला, त्या म्हणाल्या, "तू उंच आहेस." पितळी पातेली, लोखंडी कढई, सगळं वर. मी खुर्चीवर उभा राहून एकेक ठेवत होतो आणि त्या खालून मला सांगत होत्या, "अजून मागं सरकव." पाटावरवंटा तेवढा ओट्याखाली राहिला. मी त्यांना समजावत होतो की काकू, माणूस नको त्या ओझ्यात अडकतो, खरं म्हणजे आपल्याला किती थोडं लागतं! त्या "हो रे बाबा, बरोबर आहे तुझं" असं म्हणायच्या. मला वाटायचं, आपण एका म्हातारीचं आयुष्य बदललं. एका अर्थानं बदललंही होतं, पण मला वाटत होतं त्या अर्थानं नाही.

मी त्यांना आमच्या ग्रुपवरही घेतलं. काकू तिथे गंभीरपणे प्रश्न विचारायच्या: "अमक्या पातेल्याचं झाकणासह वजन किती?" "दांडी तापते का? किती वेळात?" मुलं थक्क व्हायची. कुणी तरी लिहिलं, "आपल्यात खरा ट्रेकर एकच, काकू." मी लगेच खाली लिहिलं, "माझ्याच हाताखाली तयार झाल्यात."

ह्या थाटामाटात एक वर्ष होत आलं आणि श्रावण लागला.

आमच्या मराठवाड्यात भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. तीन दिवसांचा सण, दोघी बहिणींची उभी मांडणी, दुसऱ्या दिवशी पुरणाचा नैवेद्य, सोळा भाज्या, आंबील, कटाची आमटी, पुरणाचे दिवे. महालक्ष्म्या ज्या घरी बसतात ते मोठं घर. जगात कुठेही असलेली पोरं त्या दिवशी तिथे येतात. काकूंच्या घरी त्या सासूपासून चालत आलेल्या. आणि गेल्या वर्षी काकूंच्या हातून आमटीचं पातेलं सुटलं होतं.

हे मला त्यांनीच सांगितलं, गवार निवडता निवडता. "पोरगा म्हणतोय, आई, यंदाचं बघू. तुला झेपलं तर इथंच. नाय झेपलं तर पुढच्या साली महालक्ष्म्या पुण्याला न्यायच्या."

"मग न्या की. बरंच आहे, तुम्हाला आराम."

"महालक्ष्म्या गेल्यावर मी इथं कशाला राहीन? देव तिथं आणि मी इथं, असं असतं का? घर बंद व्हायचं." त्यांनी गवारीची शीर ओढली. "मला नाय जायचं. पोरगा वाईट नाय, सूनही चांगलीय. पण मला नाय जायचं."

मला वाईट वाटलं. झेपायचं म्हणजे वयामुळे, असंच मी समजलो. मी छाती पुढे काढून म्हणालो, "काकू, काळजी करू नका. टायटॅनियम आहे ना!" आणि पगार झाल्या झाल्या आणखी दोन पातेली मागवली. आजवर मी केलेली एवढी एकच खरेदी शहाणपणाची म्हणता येईल, आणि तीही कारण न कळता केलेली.

पुढचा महिनाभर आमच्या घरात पुरणाचे प्रयोग चालले. प्रयोग हा शब्द मी सहज वापरत नाही; काकूंनी वही घातली होती. डाळ शिजायची झकास, कारण पाणी भरपूर. पण गूळ पडला की खिचडीचीच कथा. मध्यभागी काळा गोल, भोवती कच्चं. काकू ढवळायला उभ्या राहायच्या, पण हात थकला की पळी थांबायची आणि पळी थांबली की लागायचं. "हाताला कळ आली बघ, जरा तू ढवळ," असं म्हणून मला बोलवायच्या. मी ढवळता ढवळता मोबाइल बघायचो, मग ते जास्तच लागायचं. सलग अकरा दिवस मी रात्री करपलेलं पुरण खाल्लं. बाराव्या दिवशी मला आंबट ढेकर आणि काकूंना रडू आलं. त्यांना रडताना मी तेव्हाच बघितलं. मी म्हणालो, "एवढ्यात काय काकू, पुरणच आहे."

वासानं शेवटी समोरच्या भाभी भिंतीशी आल्या. त्याही मूळच्या सिल्लोडच्या, घरून बिर्याणीच्या ऑर्डरी घेणाऱ्या. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाल्या, "काकू, रोज क्या जला रहे तुमे?"

काकूंनी नाक पुसत भांडं दाखवलं. भाभींनी ते हातात घेतलं, उलटं केलं, बोटानं वाजवलं.

"कागद के वानी है ये तो. खाली तवा ठेवा ना! दम को हम क्या करते? तवा रखते, उसपे हंडी. तवा तापतो, हंडी नाय जळत. तवा काय उचलायचा नाय, तो राहतोय गॅसवरच."

काकू तशाच उठल्या. तवा गॅसवर चढवायला मला बोलावलं, आणि तो पुढे गॅसवरून खाली उतरला नाही. दुसऱ्या दिवशी पुरण झालं, सोनेरी, एकाही ठिकाणी न लागलेलं. पहिली वाटी भाभींकडे गेली.

मग निघाली सोवळ्याची अडचण. गल्लीतल्या कुणी तरी उठवलं की काकू नैवेद्य जर्मनच्या भांड्यात करणार. आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात आणि ते देवाच्या स्वयंपाकाला चालत नाही. गुरुजींचा फोन आला. काकू म्हणाल्या, जर्मन नाय, टायटॅनियम आहे. गुरुजी म्हणाले, पांढरं आहे, हलकं आहे, म्हणजे जर्मनच. झालं! काकूंनी तराजूच्या एका पारड्याला दोऱ्यानं पातेलं टांगलं, आधी हवेत तोललं, मग खाली बादली सरकवून पाण्यात बुडवून तोललं, वहीत भागाकार केला आणि गुरुजींना फोन लावला.

"गुरुजी, हे पाण्याच्या साडेचार पट भरतंय. जर्मन पावणेतीन पटसुद्धा भरत नाय. यायचं असेल तर या, समोर करून दाखवते."

गुरुजी म्हणाले, "साडेचार पट भरतंय तर चालवून घ्या."

आवाहनाच्या संध्याकाळी मुलगा आणि सून आले. मुलाला मी दादा म्हणायचो. शांत माणूस, आईवर जीव असलेला. स्वयंपाकघरात आला, तर ओट्यावर ओळीनं करड्या रंगाची पिटुकली भांडी, कुणाला निळसर, कुणाला जांभळी झाक आलेली. तो हसायलाच लागला. "आई, भातुकली मांडलीस काय?"

"तुला जेवायला मिळालं म्हंजे झालं ना," काकू म्हणाल्या.

आणि नैवेद्याच्या दिवशी त्या बाईनं काय केलं ते मी बघितलंय. पहाटेपासून पातेल्यामागून पातेलं. सोळा भाज्या तर अशाही थोड्या थोड्याच लागतात. त्या एकेक करून उतरत होत्या. आमटी चार वेळा केली, दर वेळी अर्धा लिटर, आणि गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, ओतत गेल्या. पोळ्या तळहाताएवढ्या. सून मदतीला वाकली की म्हणायच्या, "तू महालक्ष्म्यांपुढं बस बाई, रांगोळी काढ." घामानं चिंब झाल्या होत्या. नैवेद्याचं भरलं पितळी ताट उचलायची वेळ आली तेव्हा मला हाक मारली, "ये, तुझा मान." मला खरंच वाटलं, माझा मान आहे.

आरती झाली. पुरणाचे दिवे लागले. पंगत बसली, दादा माझ्या शेजारी. त्यानं आमटीची वाटी तोंडाला लावली, मग खाली ठेवली आणि आईकडे बघून म्हणाला, "आई, गेल्या वर्षीपेक्षा भारी झालंय. तुला झेपतंय की गं. मीच उगाच मागं लागलो होतो. राहा तू इथंच. आम्ही येत जाऊ."

काकूंचा चेहरा मी बघितला. साठी उलटलेली बाई मला त्या क्षणी शाळेतल्या मुलीसारखी दिसली, पहिला नंबर आलेल्या.

तिथे सण संपायला हवा होता. पण मी पंगतीत बसलो होतो. माझी भांडी, माझं तत्त्वज्ञान, आणि कौतुक सगळं दुसरीकडेच चाललं होतं. मला राहवलं नाही.

"झेपणारच ना दादा!" मी पोळीचा घास हलवत म्हणालो. "ह्यांची शिस्त बघा. वर्षभरात काकूंनी अर्ध्या किलोच्या फार वरचं काही उचललेलंच नाही. कुकर बंद, कळशी बंद. पाणीसुद्धा मगानं भरतात, तीस-तीस खेपा! जड काही असलं की मला हाक मारतात. आत्ताचं नैवेद्याचं ताटसुद्धा मीच उचललं. परवा तर बरणीचं झाकण..."

तिथे मी थांबलो. थांबलो, कारण दादाचा घास हातातच राहिला होता. आणि काकू माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. परीक्षेत कुणी आपला पेपर फाडला तर माणूस कसा बघेल, तसं. तेव्हा, त्या एका सेकंदात, मला सगळं एकदम कळलं. झाकण, सुतळी, मग, थांबलेली पळी. एवढं सगळं कळायला मला नेमकी तीच वेळ सापडली.

दादा उठला. पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन आईसमोर उभा राहिला. "आई, हा धर."

काकूंनी तांब्याकडे बघितलं. हात पुढे केला नाही.

"ठेव खाली," त्या म्हणाल्या. "बघितलंस ना? आता जेवून घे. निवतंय."

दादा ओरडला नाही. जेवणं झाल्यावर तो आईची बोटं हातात घेऊन बराच वेळ बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मुलाचं तरी काय चुकलं? आईचे हात असे झालेत हे कळल्यावर कोणता मुलगा तिला एकटीला ठेवील? मीही ठेवलं नसतं. तिसऱ्या दिवशी विसर्जन झालं, मुखवटे मऊ कापडात गुंडाळले आणि ते ह्या वेळी कपाटात गेले नाहीत, दादाच्या गाडीत गेले. काकू दिवाळीनंतर पुण्याला गेल्या. मी बजाजनगरला खोली बघितली.

मधल्या दिवसांत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी वर-खाली करताना बूट न सांगता खाली काढत होतो, दुसरं काय करणार? निघायच्या आदल्या दिवशी मी जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "काकू, माझ्यामुळं झालं. मला खरंच कळलं नव्हतं."

"ते मला ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "तुला काही कळत नव्हतं म्हणून तर इतके दिवस बरं चाललं होतं. कळणारी माणसं हातातलं काढून घेतात."

ह्याला मी क्षमा समजायचं की आणखी काही, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही.

पुढच्या भाद्रपदात पुण्याहून दादाचा फोन आला, महालक्ष्म्यांच्या जेवणाला या. मला वाटलं नव्हतं बोलावतील. अकराव्या मजल्यावरचं लख्ख घर. महालक्ष्म्या छान मांडलेल्या. काकू खुर्चीवर, पाठीला उशी, मनगटांना पट्टे. औषधं वेळेवर, व्यायाम घ्यायला घरी बाई येते. सूज उतरली होती. काळजी घेणं म्हणजे काय ते त्या घरात जाऊन बघावं, मी खोटं बोलणार नाही. स्वयंपाकघरात इंडक्शनची शेगडी होती. तिच्यावर टायटॅनियम तापतच नाही, त्यामुळे भांडी शोकेसमध्ये ठेवली होती.

"कशा आहात काकू?"

"मजेत." त्यांनी मांडीवरचे हात बघितले. "जड उचलू देत नाहीत, ते ठीकय. हलकं पण उचलू देत नाहीत रे."

स्वयंपाकाला आचारीण होती. पंगत बसली, सून वाढायला फिरत होती. तेवढ्यात काकू खुर्चीवरून उठल्या. तुपाची वाटी जवळच होती ती त्यांनी डाव्या तळव्यावर घेतली, उजव्या हातात चमचा धरला आणि सरळ माझ्यापर्यंत आल्या. माझ्या पानातली वाटी मी उचलून पुढे केली. चमचा यायला लागला. तो मध्येच थरथरला आणि तूप माझ्या नव्या झब्ब्यावर सांडलं.

"आई, राहू द्या ना," सून पलीकडून धावत आली. "बघा, सांडलं. तुम्हाला किती वेळा सांगते मी. द्या ती वाटी इकडे."

सगळी पंगत आमच्याकडे बघायला लागली. दादानंही मान वर केली. काकूंचा हात वाटीसकट माघारी निघाला होता.

"त्यांचा हात नाही हो वहिनी," मी म्हणालो, "माझीच वाटी हलली. मी पहिल्यापासून धांदरट."

सून माझ्याकडे बघत उभी राहिली. काकूंनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी दुसरा चमचा भरला.